थरथरणारी अँबॅसडर

माझ्या मामांकडे १९८६ सालची अँबॅसडर आहे. मामा मुख्याध्यापक म्हणून केव्हाच निवृत्त झाले. गाडी मात्र निवृत्त व्हायला तयार नाही. एका पावसाळ्यात ती चार महिने ताडपत्रीखाली उभी होती. पावसाळा संपल्यावर तिला दोन खोडी लागल्या. गाडी जागेवर उभी ठेवून नुसते इंजिन चालू केले, की तिला हिवताप भरल्यासारखी थरथर सुटे. आरसा हले, दाराच्या काचा वाजत, मधूनच इंजिन एखादा ठोका गाळी आणि सिग्नलपाशी बंदच पडे. ही पहिली खोड. दुसरी खोड पुण्याहून सासवडला जाताना दिवे घाटात कळली. एरवी संथपणे पण न थकता घाट चढणारी ही गाडी अर्ध्या वाटेत दम सोडू लागली.

मामांनी ती एका गॅरेजमध्ये दाखवली. तिथल्या माणसाने बॉनेट उघडले, पाच मिनिटे आवाज ऐकला आणि निकाल दिला, "इंजिन खोलावं लागेल. रिंगा गेल्या असणार, नाहीतर हेडचं पॅकिंग." त्याने सांगितलेला खर्च गाडीच्या आजच्या किमतीहून जास्त होता. त्यातच नोंदणीच्या नूतनीकरणाची तारीख दीड महिन्यावर आली होती. जुन्या गाडीला दर पाच वर्षांनी ही परीक्षा द्यावी लागते आणि धुराच्या चाचणीत गाडी नापास झाली, तर पुढचे सगळे अडते. गाडी पहिल्या चाचणीत नापास झालीच होती. भंगारवाला दोनदा येऊन भाव सांगून गेला.

तेव्हा मामांचा फोन आला. "अरे, तू फिजिक्स शिकवतोस ना? मग मला एवढंच सांग, हिचं इंजिन खरंच संपलंय का? संपलं असेल तर मी मन घट्ट करीन. पण नुसत्या अंदाजावर मोडीत काढायची माझी तयारी नाही."

चार टप्प्यांचे इंजिन फळ्यावर काढता काढता माझी वीस वर्षे गेली आहेत. मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "मामा, रविवारी येतो."

पुढे जे घडले त्यात माझी एक फजितीही आहे. ती लपवून ठेवली, तर या हकिगतीतला शिकण्यासारखा भागच निघून जाईल. म्हणून सगळे क्रमाने सांगतो.

इंजिनाला काय काय लागते?

१८७६ साली निकोलाऊस ऑटो या जर्मन संशोधकाने चार टप्प्यांचे इंजिन यशस्वी करून दाखवले. मामांच्या गाडीचे इंजिन त्याच तत्त्वावर चालते. दट्ट्या खाली येताना हवा आणि पेट्रोलचे मिश्रण आत शोषले जाते. वर जाताना ते दाबले जाते. नेमक्या क्षणी ठिणगी पडते, मिश्रण जळते आणि तप्त वायू दट्ट्याला खाली ढकलतात. पुन्हा वर येणारा दट्ट्या जळालेला वायू बाहेर टाकतो. या चार टप्प्यांत इंजिनाचा दांडा दोन फेरे घेतो.

म्हणजे इंजिनाला तीनच गोष्टी हव्यात : योग्य मिश्रण, पुरेसा दाब आणि वेळेवर पडणारी ठिणगी. इंजिन अडखळत असेल, तर दोष या तिघांपैकी कुठेतरी असलाच पाहिजे.

आता थरथरीचा हिशेब करू. उभ्या गाडीत इंजिन मिनिटाला साधारण ७५० फेरे घेते. चार सिलिंडर आणि प्रत्येकाचा दोन फेऱ्यांत एक ठोका. म्हणजे मिनिटाला १५००, सेकंदाला २५ ठोके. त्यांतले एक सिलिंडर गप्प बसले, तर सेकंदाला सहा खड्डे पडतात. २५ ठोके वेगवेगळे जाणवत नाहीत, पण सेकंदाला सहा धक्के हाताला स्पष्ट कळतात. गाडीची थरथर ती हीच.

मग वेगात ही थरथर का जाणवत नाही? कारण इंजिनाच्या टोकाला जड गतिचक्र असते. फिरण्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ३००० फेऱ्यांना गतिचक्रात ७५० फेऱ्यांच्या मानाने सोळापट ऊर्जा असते आणि गाळलेल्या ठोक्याचा काळही चौथाई होतो. श्रीमंत माणसाला चार आण्यांचा तोटा जाणवत नाही, तसेच हे.

माझी फजिती

मामांनी धुराच्या चाचणीची पावती माझ्या हातात ठेवली. तिच्यावर दोन आकडे होते. कार्बन मोनॉक्साइड ०.५ टक्के; अशा जुन्या गाडीला ३ टक्क्यांपर्यंत परवानगी आहे. आणि हायड्रोकार्बन, म्हणजे न जळलेले पेट्रोल, दशलक्ष भागांत २१०० भाग. परवानगी १५०० ची. शेवटी शिक्का : नापास.

मी "नापास" तेवढे वाचले आणि कामाला लागलो. चारी प्लग काढून घासले. डिस्ट्रिब्यूटर उघडून पॉइंटमधले अंतर नव्याने लावले. कार्ब्युरेटरचा मिश्रणाचा स्क्रू अर्धा फेरा सैल करून पेट्रोल थोडे वाढवले. दुपारी इंजिन चालू केले, तेव्हा थरथर बरीच कमी झालेली होती. मामी चहा घेऊन आल्या. मी एखादा धडा संपवल्यासारखा हात झटकले.

दुसऱ्या दिवशी दुसरी पावती आली. हायड्रोकार्बन १३५०, म्हणजे पास. पण कार्बन मोनॉक्साइड ४.२ टक्के! पुन्हा नापास. आणि घाटातली खोड होती तशीच.

मामांच्या ओळखीचे एक वयस्क मिस्त्री आहेत. उभे आयुष्य त्यांनी याच गाड्यांवर काढले आहे. त्यांनी माझी कामगिरी शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, "सर, तुम्ही तीन गोष्टी एकदम हलवल्या. आता फरक पडला तो कशानं, ते तुम्हाला तरी समजलं का?"

मला काही उत्तर सुचेना. प्रयोगशाळेत पहिल्याच दिवशी मी मुलांना सांगतो, की एका वेळी एकच चल राशी बदला, बाकीच्या स्थिर ठेवा. गाडीपुढे उभा राहिल्यावर मीच ते विसरलो होतो. एक बरे, की स्क्रू किती फिरवला ते लक्षात होते. तो आम्ही परत मूळ जागी आणला. थरथर परत आली. म्हणजे मी रोग बरा केला नव्हता, लक्षण झाकले होते.

मग मी पहिली पावती पुन्हा नीट वाचली. कार्बन मोनॉक्साइड केव्हा तयार होतो? प्राणवायू अपुरा पडला म्हणजे. तो कमी होता, म्हणजे इंजिनात हवेची टंचाई नव्हती. तरीही न जळलेले पेट्रोल बाहेर पडत होते. याचा अर्थ असा, की काही सिलिंडरांत मिश्रण जात होते, पण जळत नव्हते. कारणे तीनच : तिथे ठिणगी नाही, दाब नाही, किंवा मिश्रण जळण्याइतके दाट नाही. पेट्रोल जादा होत असल्याची शक्यता बाद झाली. आणि मी नेमके तेच वाढवत बसलो होतो!

कोणते सिलिंडर गप्प?

मिस्त्रींनी इंजिन चालू ठेवून रबरी मुठीच्या पकडीने एकेका प्लगची वायर क्षणभर काढली. (मुलांनो, हे तुम्ही करायचे नाही. बॅटरीच्या १२ व्होल्टचे कॉइलमध्ये १५ ते २० हजार व्होल्ट होतात. १८३१ साली फॅरडेने शोधलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन इथे कामाला लावलेले असते, आणि त्याचा झटका फार वाईट.) युक्ती साधी आहे. काम करणाऱ्या सिलिंडरची वायर काढली, तर इंजिन आणखी खचते. आधीच गप्प असलेल्याची काढली, तर काही फरक पडत नाही.

पहिली वायर काढली, इंजिन खचले. दुसरी काढली, खचले. तिसरी काढली तेव्हा जेमतेम फरक, चौथीलाही तसाच. दोषी ३ आणि ४.

आता ठिणगी. १ आणि ३ चे प्लग एकमेकांच्या जागी लावले, २ आणि ४ चेही. दोष प्लगमध्ये असता, तर प्लगबरोबर तो १ आणि २ मध्ये गेला असता. तो ३ आणि ४ मध्येच राहिला. वायरींच्या टोकांना ठिणगीही निळी, कडक पडत होती. ठिणगी निर्दोष ठरली.

उरला दाब. शेजारशेजारची दोन सिलिंडरे एकदम दुबळी झाली, की मिस्त्रींच्या मनात पहिला संशय येतो तो त्या दोहोंमधले हेडचे पॅकिंग जळल्याचा. दट्ट्या दाबत असताना एकातला वायू दुसऱ्यात पळतो. गॅरेजवाल्याचा अंदाज अगदीच निराधार नव्हता. मात्र त्याने तो तपासून पाहिला नव्हता, एवढाच फरक.

तपासायला अर्धा तास पुरला. चारी प्लग काढले, कॉइलची जोडणी सोडली, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरला आणि प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशी दाबमापक लावून स्टार्टर फिरवला. दर चौरस सेंटिमीटरला किलोग्रॅममध्ये आलेले आकडे असे होते :

पहिले सिलिंडर ९.०, दुसरे ८.९, तिसरे ८.८, चौथे ९.१.

चौघे जवळजवळ सारखे. रिंगा झिजल्या असत्या, झडप जळाली असती किंवा पॅकिंग फुटले असते, तर कुणीतरी मागे पडले असते. मामा बाजूला वही घेऊन उभे होते. आकडे लिहून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे इंजिन शाबूत आहे," ते म्हणाले. त्यांच्या मूळ प्रश्नाचे उत्तर मिळाले होते. पण थरथर अजून होतीच.

दोघांत समान काय?

ठिणगी ठीक, दाब ठीक. राहिले मिश्रण. पण कार्ब्युरेटर तर चौघांना एकच आहे. मग दोघेच का उपाशी? या इंजिनाची रचना पाहिली, की याचे उत्तर मिळते. त्याच्या हेडमध्ये मिश्रण आत जाण्याची दारे चार नसून दोनच आहेत. एका दारातून १ आणि २ श्वास घेतात, दुसऱ्यातून ३ आणि ४. म्हणजे दुसऱ्या दाराशी काहीतरी बिघडले असले पाहिजे.

मिस्त्रींनी मॅनिफोल्डवरची एक लहान बूच काढून तिथे निर्वातमापक जोडला. गाडी उभी असताना ॲक्सिलरेटरची झडप जवळजवळ बंद असते. दट्टे हवा ओढत असतात, पण ती सहज मिळत नाही. त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये दाब खूप कमी होतो. तो बाहेरच्या दाबापेक्षा किती कमी आहे, ते हा काटा पाऱ्याच्या सेंटिमीटरमध्ये दाखवतो. १६४३ साली टॉरिसेलीने पाऱ्याची नळी उलटी करून हवेचा दाब मोजला. मोटारीच्या कारखान्यात आजही त्याच मापाची भाषा चालते.

समुद्रसपाटीला चांगल्या इंजिनाचे वाचन ४३ ते ५३ सें.मी. असते. पुणे साडेपाचशे मीटर उंचीवर असल्याने इथे हवेचाच दाब ७६ ऐवजी सुमारे ७१ सें.मी. असतो, म्हणून पाचेक सेंटिमीटर कमी धरायचे. हे ध्यानात न घेता पुस्तकातला आकडा पाहिला, तर पुण्यातले निरोगी इंजिनही आजारी ठरेल! मामांच्या गाडीचा काटा ३० आणि ३६ यांच्यामध्ये लटपटत होता. कुठूनतरी चोरून हवा आत येत होती.

मिस्त्रींनी तेलाची कुपी घेतली. मॅनिफोल्ड आणि हेड यांच्या सांध्यावर एकेका ठिकाणी दोन-चार थेंब टाकत ते पुढे सरकले. १ आणि २ च्या दाराशी काही घडले नाही. ३ आणि ४ च्या दाराशी, खालच्या बाजूला थेंब पडले मात्र, आणि इंजिन एकदम गुळगुळीत चालू लागले. दोन-तीन सेकंद, तेल आत ओढले जाईपर्यंत. मग पुन्हा थरथर. त्या क्षणभरासाठी तेलाने फट बुजवली होती. (काही जण या कामाला पेट्रोल किंवा पेट घेणारा फवारा वापरतात. तप्त धुराड्याशेजारी ते करणे म्हणजे आगीला आमंत्रण.)

नट सैल झाला होता आणि त्याखालचे पॅकिंग जळून फाटले होते. भोक कितीसे? फार तर दोन मिलिमीटर रुंद आणि दोन मिलिमीटर उंच.

एवढ्याशा भोकाने एवढे रामायण?

ढोबळ हिशेब करून पाहू. इंजिनाचे आकारमान १४८९ घ.सें.मी., म्हणजे दोन फेऱ्यांत सुमारे दीड लिटर. ७५० फेऱ्यांना ते मिनिटाला ३७५ वेळा, म्हणजे साडेपाचशे लिटर. पण आतली हवा विरळ आहे. मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास धरला, तर बाहेरची हवा मोजता ती मिनिटाला सव्वादोनशे-अडीचशे लिटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ४ लिटर भरते. ३ आणि ४ या जोडीच्या वाट्याला २ लिटर.

आता भोक. आतला दाब बाहेरच्या निम्म्याहून कमी असला, की फटीतून शिरणारी हवा ध्वनीच्या वेगाला पोचते. कान देऊन ऐकले तर बारीक शीळ ऐकू येते. ४ चौ.मि.मी. फटीतून अशी सेकंदाला सुमारे अर्धा लिटर हवा घुसते. म्हणजे या जोडीच्या २ लिटरपैकी अर्ध्या लिटरबरोबर पेट्रोल आलेलेच नाही.

पेट्रोलला हवा किती लागते? पेट्रोलऐवजी ऑक्टेन धरू. त्याच्या रेणूत कार्बनचे ८ आणि हायड्रोजनचे १८ अणू. पूर्ण जळायला ११४ ग्रॅम ऑक्टेनला ४०० ग्रॅम प्राणवायू लागतो. वजनाने हवेत प्राणवायू २३ टक्के. म्हणजे सुमारे १७२५ ग्रॅम हवा. एकास पंधरा. कार्ब्युरेटरने दीड लिटर हवेला एकास पंधरा या प्रमाणात पेट्रोल दिले आणि त्यात अर्धा लिटर कोरडी हवा मिसळली, तर प्रमाण एकास वीस होते. अशा जुन्या इंजिनात मिश्रण साधारण एकास अठराच्या पुढे गेले, की ज्योत नीट पसरतच नाही. ठिणगी पडते, पण ठोका बसत नाही. पेट्रोल तसेच धुराड्यातून बाहेर. पावतीवरचे २१०० ते हेच!

माझ्या स्क्रूने काय केले होते, तेही आता उलगडते. मी चौघांनाही पेट्रोल वाढवले. उपाशी ३ आणि ४ कसेबसे जळू लागले. पण १ आणि २ ला गरजेपेक्षा जास्त मिळाले आणि त्यांनी कार्बन मोनॉक्साइड ओकायला सुरुवात केली.

यात एक नवी गोष्टही मिसळलेली आहे. २०२५ साली आपल्या देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले. इथेनॉलच्या रेणूत प्राणवायू आधीच असतो, त्यामुळे त्याला जळायला हवा कमी लागते : ४६ ग्रॅमला ९६ ग्रॅम प्राणवायू, म्हणजे एकास नऊ. वीस टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला म्हणून पंधराऐवजी चौदाच्याही किंचित खाली हवा पुरते. पण मामांच्या कार्ब्युरेटरचे छिद्र १९८६ च्या पेट्रोलसाठी पाडलेले. ते जुन्याच मापाने हवा आणि इंधन देणार. त्यामुळे नव्या इंधनाचे मिश्रण आपोआप आठ-नऊ टक्के पातळ होते. निरोगी इंजिन एवढे सोसते. पण मिश्रण आधीच काठावर असेल, तर हा शेवटचा धक्का पुरतो.

मग घाटाचे काय?

पॅकिंग बदलले. काटा ४२ वर येऊन स्थिर उभा राहिला. बॉनेटवर ठेवलेल्या पेल्यातले पाणी आता हिंदकळत नव्हते. मला वाटले, झाले. मिस्त्री म्हणाले, "सर, घाट राहिला की."

आणि ते खरे होते. घाटात ॲक्सिलरेटर जवळजवळ पूर्ण दाबलेला असतो. मॅनिफोल्डमध्ये ओढ फारशी राहत नाही, त्यामुळे फटीतून हवा थोडीच येते. आणि इंजिन तेव्हा सेकंदाला पंचवीसेक लिटर हवा घेत असते. त्या जोडीच्या वाट्यालाही फटीतली हवा एक-दोन टक्क्यांहून जास्त येणार नाही. तेवढ्याने घाटात दम सुटत नाही. लक्षणे दोन होती आणि आजारही दोन असले पाहिजेत. आपल्याला एकाच कारणाचा मोह पडतो; निसर्गावर तसे बंधन नाही.

मिस्त्रींनी मामांना एकच प्रश्न विचारला. "गुरुजी, चढ लागल्या लागल्या दम जातो, की थोडा वेळ गेल्यावर?"

मामांची वही उपयोगी पडली. त्यांनी लिहिले होते : "चढ सुरू झाल्यावर पाऊण-एक मिनिट ठीक. मग आचके. इंजिन चालू ठेवून कडेला दोन मिनिटे थांबल्यास पुन्हा तितकाच वेळ ठीक."

मिस्त्री हसले. त्या नोंदीतच उत्तर होते. ठिणगी किंवा दाब दुबळा असता, तर गाडी चढाच्या पहिल्या मीटरपासून दुबळी असती. थोडा वेळ चालते, मग थकते आणि विश्रांतीने सावरते, याचा अर्थ कुठेतरी साठा आहे. तो संपतो आणि पुन्हा भरतो. असा साठा एकच : कार्ब्युरेटरची पेट्रोलची वाटी.

हाही हिशेब करू. माणसांसकट गाडी १४०० किलोग्रॅम, चढ चौदास एक, वेग सेकंदाला १० मीटर. गुरुत्वाविरुद्ध लागणारी शक्ती १४०० × ९.८ × १० ÷ १४, म्हणजे ९८०० वॉट. चाकांचे घर्षण आणि हवेचा विरोध धरून १३,००० वॉट. पेट्रोलच्या ऊर्जेपैकी २२ टक्के चाकांपर्यंत पोचते असे धरले, तर इंधनातून सेकंदाला सुमारे ६०,००० ज्यूल हवेत. एका घ.सें.मी. इंधनात सुमारे ३०,००० ज्यूल असतात. म्हणजे सेकंदाला २ घ.सें.मी. उभ्या गाडीला याच्या दहावा भाग पुरतो.

आता समजा, वाटेतल्या तुंबलेल्या गाळणीतून सेकंदाला १.२ घ.सें.मी. एवढेच येते. उभ्या गाडीला ते भरपूर झाले. घाटात मात्र दर सेकंदाला ०.८ ची तूट पडते. वाटीत ४० घ.सें.मी. साठा धरला, तर तो ५० सेकंदांत संपेल. पाऊण-एक मिनिट!

गाळणी उघडली. तिच्यात तांबूस चिखल दाटला होता. टाकीच्या तळाची बूच काढली, तर पेट्रोलच्या आधी गढूळ पाणी आले आणि त्याबरोबर गंजाचे कण. इथेनॉल पाणी शोषते. चार महिने उभ्या असलेल्या, अर्ध्या रिकाम्या टाकीत दमट हवेतले पाणी साठले, खाली बसले आणि पत्रा गंजला. टाकी धुतली, गाळणी आणि पेट्रोलच्या नळ्या बदलल्या. एवढे झाल्यावर तिसरी पावती आली : कार्बन मोनॉक्साइड १.६, हायड्रोकार्बन ४८०. पास.

पुढच्या रविवारी आम्ही तिघे दिवे घाट चढलो. मामा गाडी चालवत होते आणि मिस्त्री घड्याळाकडे पाहत होते. एक मिनिट गेले, दोन गेली. माथ्यावर गाडी थांबवून मामांनी वहीत वेळ लिहिली. सगळा खर्च गॅरेजने सांगितलेल्या आकड्याच्या विसाव्या हिश्शातही बसला होता. नूतनीकरण वेळेत झाले. मी विचारले, "मामा, आता किती वर्षं चालवणार?" ते म्हणाले, "ते बघू. मोडायची की ठेवायची हे आता मी ठरवीन. कुणाच्या अंदाजानं ठरायला नको, एवढंच माझं म्हणणं होतं."

आजच्या गाड्यांत कार्ब्युरेटर नाही. इंजेक्टर पेट्रोल फवारतात, धुराड्यातला संवेदक प्राणवायू मोजतो आणि संगणक कोणत्या सिलिंडरने ठोका गाळला, तेही सांगतो. पण का गाळला, हे तो नेहमीच सांगू शकत नाही. तिथे आजही मिस्त्रींचीच रीत लागते : लक्षण नीट नोंदवा, शक्यता मांडा, ज्या चाचणीने दोन शक्यता वेगळ्या होतील ती आधी करा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.

करून पाहा

१. एका नळीने पेल्यातले पाणी ओढा. मग नळीला वरच्या बाजूस टाचणीने भोक पाडून पुन्हा ओढा. भोक बोटाने बंद करा, उघडा. मामांच्या मॅनिफोल्डमध्ये काय घडत होते, ते कळेल. आता हळू ओढताना आणि जोरात ओढताना काय फरक पडतो, तो नोंदवा.

२. प्लगांची अदलाबदल केल्यावर दोष १ आणि २ मध्ये गेला असता, तर काय निष्कर्ष काढला असता? आणि फक्त ३ चा प्लग बदलून नवा घातला असता, तर तेवढीच खात्री पटली असती का?

३. एका गाडीची पावती अशी आहे : कार्बन मोनॉक्साइड ५ टक्के, हायड्रोकार्बन ९००. इंजिन थरथरत नाही, पण धूर काळा येतो. तुम्ही प्रथम काय तपासाल, आणि काय तपासणार नाही? कारणासहित लिहा.